ल शाम्बोंमागची अडीचशे वर्षं

फ्रान्सच्या ओत-ल्वार जिल्ह्यातलं ल शाम्बों-स्यूर-लिन्यों हे पठारावरचं छोटं गाव २०२१ च्या जानेवारीत पुन्हा बातम्यांत आलं. दुसऱ्या महायुद्धात या गावाने ज्यू निर्वासितांना नाझींपासून लपवलं होतं. तेव्हा इथे आसरा मिळालेला एक ऑस्ट्रियन निर्वासित नव्वदीत वारला आणि सुमारे २० लाख युरो गावाच्या नावे करून गेला. या गावाची गोष्ट सांगताना बहुतेक जण १९४० पासून आणि गावचे प्रोटेस्टंट पाद्री आंद्रे त्रोक्मेंपासून सुरुवात करतात. ती त्याच्या बरीच आधीची आहे.

१६८५ साली चौदाव्या लुईने प्रोटेस्टंटांना उपासनेची मुभा देणारा नांतचा आदेश रद्द केला आणि प्रोटेस्टंट पंथ फ्रान्समध्ये बेकायदा ठरला. प्रार्थनामंदिरं पाडली गेली, पाद्र्यांना देश सोडावा लागला. मागे राहिलेले रानावनात चोरून प्रार्थना करत. पकडल्या गेलेल्या पुरुषांच्या नशिबी राजाच्या जहाजांवर वल्ही मारणं येई. या पठारावरचे शेतकरी त्यांचेच वंशज. सरकारी शिपाई दाराशी आला की काय बोलायचं नाही, हे इथे घराघरात ठाऊक होतं. त्यात बायबलचा जुना करार, म्हणजे ज्यूंचाही धर्मग्रंथ, तोंडपाठ, त्यामुळे ज्यू त्यांना परके वाटलेच नाहीत.

पण नुसत्या श्रद्धेवर माणसं लपत नाहीत, त्यासाठी खोल्या लागतात. मला हा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. १८९३ पासून पाद्री लुई कोंत यांच्या संस्थेमार्फत सेंत-एतियेनसारख्या खाणी-कारखान्यांच्या शहरातली अशक्त मुलं हवापालटासाठी इथल्या शेतघरांत येत. उन्हाळी पाहुण्यांसाठी खाणावळी आणि भाड्याच्या खोल्या होत्या, रुळावर छोटी रेल्वे होती, १९३८ पासून त्रोक्मे आणि त्यांचे सहकारी पाद्री एदुआर तेइस यांची शाळाही. कुणाच्या अंगणात अनोळखी पोर खेळताना दिसलं तर त्यात नवल ते काय?

२२ जून १९४० ला फ्रान्सने जर्मनीशी शस्त्रसंधी केली. दुसऱ्याच दिवशी रविवारच्या प्रवचनातून दोन्ही पाद्र्यांनी सांगितलं की बळजबरीला आत्म्याच्या शस्त्रांनी विरोध करणं हे ख्रिस्ती माणसाचं कर्तव्य आहे. त्या हिवाळ्यात बर्फातून आलेली एक जर्मन ज्यू बाई त्रोक्मेंच्या दारात उभी राहिली. पाद्र्यांच्या पत्नी माग्दा त्रोक्मेंनी तिला आत घेतलं, तिची भिजलेली पादत्राणं वाळायला ओव्हनमध्ये ठेवली, आणि पादत्राणं जळून गेली. कागदपत्रांसाठी माग्दा महापौरांकडे गेल्या. त्यांनी बाईला गावाबाहेर काढायला सांगितलं. म्हणजे सगळं गाव पहिल्या दिवसापासून एकदिलाने उभं होतं, असंही नाही.

पुढे यंत्रणा बसत गेली. क्वेकर हा शांततावादी ख्रिस्ती पंथ, स्विस मदतसंस्था आणि सिमाद ही फ्रेंच प्रोटेस्टंट मदतसंस्था यांनी मुलांची वसतिगृहं चालवली. ऑस्कर रोसोवस्की हा तरुण निर्वासित खोटे दाखले बनवी आणि ते मधमाश्यांच्या रिकाम्या पेट्यांत दडवी. १० ऑगस्ट १९४२ ला जर्मनीशी हातमिळवणी केलेल्या फ्रान्सच्या विशी सरकारचे युवक खात्याचे प्रमुख लामिरां गावात आले, तेव्हा विद्यार्थ्यांनी पॅरिसमधल्या ज्यूंच्या धरपकडीचा निषेध करणारं पत्र त्यांच्या हातात दिलं. त्याच महिन्यात पोलीस बसगाड्या घेऊन आले, पण त्यांच्या हाती जवळपास काहीच लागलं नाही.

किंमत चुकवावी लागलीच. जून १९४३ मध्ये एका वसतिगृहावर धाड पडली. त्याचे चालक, आंद्रे त्रोक्मेंचे नातलग दानियेल त्रोक्मे, विद्यार्थ्यांसह पकडले गेले आणि १९४४ मध्ये पोलंडमधल्या मायदानेकच्या नाझी छावणीत मरण पावले.

किती जण वाचले? ५,००० हा आकडा सगळीकडे फिरतो, अनेक इतिहासकारांना तो फुगवलेला वाटतो. १९९० मध्ये याद वाशेम या इस्रायलच्या ज्यू-संहार स्मृतिसंस्थेने ल शाम्बोंबरोबर शेजारच्या गावांचाही गौरव केला. मथळ्यांत मात्र नाव येतं ते एकट्या ल शाम्बोंचं, आणि पठारावरच्या इतर गावांना ते आजही खटकतं.