‘सिक्युअर बूट बंद कर’ : कोकणातल्या घरगुती लिनक्समागची पार्श्वभूमी

कोकणातल्या घरांत लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली, आलं ते चाकरमान्याच्या सामानातून. मुंबईत नवा कॉम्प्युटर घेतला की जुना गणपतीच्या गाडीत चढायचा आणि गुहागर, राजापूर, देवगडकडच्या एखाद्या माजघरात येऊन बसायचा. त्यातलं विंडोज एव्हाना रडतखडत चालत असायचं, पेनड्राइव्हमधून आलेल्या व्हायरसने फोल्डरांचे शॉर्टकट करून ठेवलेले असायचे. मग घरातलाच कुणी पुतण्या, कुणी भाचा उबंटू हा लिनक्सचा प्रकार टाकून द्यायचा. २००५ ते २०११ या वर्षांत उबंटूची सीडी घरच्या पत्त्यावर फुकट मागवता यायची. तालुक्याच्या गावातही नेट धड नव्हतं तेव्हा त्या सीडीचा मोठा आधार होता. टाकणारा माणूस गावात पाच-सात दिवस. विसर्जन झालं की परत. पुढची भेट शिमग्याला, नाहीतर मे महिन्यात. मधे काही अडलं तर फोनवरून. घरगुती लिनक्सच्या दुरुस्तीचे आणि सुरक्षेचे जे सल्ले आपल्याकडे रूढ झाले ते या ये-जा करण्यातून घडले. त्यातला सर्वांत चिवट सल्ला म्हणजे ‘बायोसमध्ये जा आणि सिक्युअर बूट बंद कर’. बायोस म्हणजे मशीन सुरू होताना सर्वांत आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम; सिक्युअर बूट म्हणजे काय ते पुढे येईलच.

त्याआधीची दुखणी वेगळी होती. भारनियमनाच्या वर्षांत लाईट सांगून जायची आणि न सांगताही जायची. लिनक्सच्या एक्स्ट-३ या फाइल सिस्टिममध्ये लिहिण्याच्या कामाची आधी नोंद होते आणि अर्धवट राहिलेलं काम पुढच्या वेळी सावरलं जातं, त्यामुळे धाडकन बंद पडूनही ही मशीनं सहसा उठायची. अडायची ती मदरबोर्डवरच्या सीआर २०३२ या बटणाएवढ्या सेलमुळे. सेल संपलेला असला की मेन स्विच बंद होताच घड्याळ काही वर्षं मागे जातं. मग सुरू होताना डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रॅमला दिसायचं की ही डिस्क शेवटची वापरली गेली ती तारीख अजून उजाडायचीच आहे, आणि तो तिथेच थांबायचा. घरच्यांसमोर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. मीही सुरुवातीला अशा एका घरात सगळं पुसून लिनक्स नव्याने टाकलं होतं. सेल बदलला असता तर दहा मिनिटांत भागलं असतं. रॅमच्या दातांवर खाऱ्या हवेने धरलेला थर खोडरबरने काढायचा आणि आभाळ भरून आलं की टेलिफोनची वायर मोडेममधून उपटून ठेवायची, हे तर घरोघरी पाठ झालं होतं.

सुरक्षेबद्दल त्या काळात एकच वाक्य चालायचं: लिनक्सला व्हायरस लागत नाही. विंडोजसाठी लिहिलेला व्हायरस त्यावर चालत नाही इतपत ते खरं होतं. पण त्यामुळे अपडेटकडे कुणी पाहायचं नाही. २०१३ मध्ये उबंटूने दीर्घकाळ अपडेट मिळणाऱ्या आवृत्त्यांच्या मधे येणाऱ्या आवृत्त्यांचं अपडेट अठरा महिन्यांवरून नऊ महिन्यांवर आणलं. त्या वर्षी गणपती ९ सप्टेंबरला आले. तेव्हाची नवी म्हणून ज्यांनी १३.०४ टाकली, त्यांचं अपडेट जानेवारी २०१४ मध्ये संपलं. पुढे पॅकेजं जुन्या साठ्यात हलवली गेली, आणि अपडेट करायला गेलं की ‘४०४’, म्हणजे फाइल सापडली नाही. पाच वर्षं अपडेट मिळणारी १२.०४ तेव्हा उपलब्ध होती. वर्षातून दोनदा हात लागणाऱ्या मशीनवर तीच टाकायला हवी होती.

आता त्या सल्ल्याकडे.

सिक्युअर बूट म्हणजे लॅपटॉप सुरू होताना मदरबोर्डवरची फर्मवेअर, म्हणजे बायोसच, पहिल्या प्रोग्रॅमची डिजिटल सही तपासते आणि ती ओळखीच्या चावीशी जुळली तरच त्याला पुढे जाऊ देते. कुठल्या चाव्या ओळखीच्या, हे कारखान्यातच ठरतं. ऑक्टोबर २०१२ मध्ये विंडोज ८ आलं. त्याचं बोधचिन्ह लावून लॅपटॉप विकायचा तर सिक्युअर बूट चालू ठेवूनच विकायचा, अशी अट होती. त्यामुळे बाजारातल्या जवळजवळ प्रत्येक मशीनमध्ये विंडोजच्या कंपनीची चावी बसली. ही अट सप्टेंबर २०११ मध्ये उजेडात आल्यापासूनच वाद सुरू झाला होता. मुक्त सॉफ्टवेअरची बाजू मांडणाऱ्या एका जुन्या संस्थेने तर नावालाच हरकत घेतली: मालकाला चावी बदलता येत नसेल तर याला ‘रिस्ट्रिक्टेड बूट’ म्हणा. ओरड झाल्यावर नेहमीच्या इंटेल-एएमडी मशीनवर वापरणाऱ्याला ते बंद करता आलं पाहिजे, ही सोय अटीतच आली. एआरएम चिपवरच्या विंडोज मशीनना मात्र उलट नियम लागला: बंद करता येता कामा नये. २०१५ मध्ये विंडोज १० बरोबर पहिल्या प्रकारातली सोयही उत्पादकाच्या मर्जीवर सोडली गेली. ‘सिक्युअर’ या शब्दात सुरक्षा कुणाची, हा प्रश्न तेव्हापासून आहे आणि तो रास्त आहे.

लिनक्स वितरणांपुढे, म्हणजे उबंटूसारखे लिनक्सचे तयार संच बनवणाऱ्यांपुढे, तेव्हा तीन वाटा होत्या. प्रत्येक लॅपटॉप कंपनीला आपली चावी बसवायला लावणं, विंडोजच्या कंपनीकडून सही करून घेणं, किंवा लोकांना सिक्युअर बूट बंद करायला सांगणं. निवडली गेली मधली वाट. नव्व्याण्णव डॉलर भरून सही मिळत होती. ‘शिम’ नावाचा एक छोटा प्रोग्रॅम सही करून घेतला गेला. त्याच्या पोटात वितरणाची स्वतःची चावी, आणि तिने तो लिनक्स सुरू करून देणाऱ्या पुढच्या ग्रब या बूटलोडरची तपासणी करतो. एका मोठ्या वितरणाने आधी ग्रब-२ सोडायचंच ठरवलं होतं, कारण ग्रब-२ च्या जीपीएल-३ या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्यामुळे सहीची गुप्त चावी उघड करावी लागेल अशी त्यांना धास्ती होती. सप्टेंबर २०१२ मध्ये ती फिटली आणि ते ग्रब-२ वर परतले. मोकळेपणासाठी उभी राहिलेली प्रणाली प्रतिस्पर्ध्याच्या सहीवर सुरू व्हावी, हे अनेकांना पटलं नाही, आजही पटत नाही. मला तो निर्णय घरांच्या दृष्टीने योग्य वाटतो. फोनवरून कुणाच्या आईला बायोसमध्ये शिरायला सांगणं किती अवघड आहे, हे ज्याने केलंय त्याला कळेल. पण त्या सहीची किंमत पुढे मोजावी लागणार होती.

म्हणजे २०१३ पासून काही मोठ्या वितरणांच्या ६४-बिट आवृत्त्या सिक्युअर बूट चालू ठेवूनही सुरू होत होत्या. मग ‘बंद कर’ हा सल्ला टिकला कसा? कोकणापुरतं उत्तर पेनड्राइव्हमध्ये आहे. गावी नेला जाणारा पेनड्राइव्ह जुन्या, कमी रॅमच्या मशीनसाठी बनवलेला, म्हणून ३२-बिट. नव्या लॅपटॉपची ६४-बिट यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) फर्मवेअर तो सुरूच करत नाही, सही असो वा नसो. अडलेला माणूस बायोसमध्ये जाऊन ‘लेगसी’, म्हणजे सुरू करण्याची जुनी पद्धत, चालू करू बघायचा. पुष्कळ बायोसांत ते कलम सिक्युअर बूट बंद केल्याशिवाय उघडतच नाही. दोन्ही बदल एका बैठकीत व्हायचे, पेनड्राइव्ह चालायचा, आणि श्रेय जायचं सिक्युअर बूट बंद करण्याला. काम केलेलं असायचं लेगसीने. त्याचा भुर्दंड नंतर: विंडोज यूईएफआय पद्धतीने बसलेलं, लिनक्स लेगसीने, दोघांना एकमेकांचा पत्ता नाही, आणि घरात बोभाटा की लिनक्स टाकल्यावर विंडोज उडालं. ते उडालेलं नसायचं. बायोस परत यूईएफआयवर आणला की समोर यायचं. त्यातच २०१३ च्या सुरुवातीला एका कंपनीचे काही लॅपटॉप यूईएफआय पद्धतीने लिनक्स सुरू करताच कायमचे बंद पडले, त्या बातमीने लेगसीवरचा विश्वास आणखी वाढला.

दुसरं कारण जास्त खरं होतं. उबंटूने २०१६ च्या १६.०४ पासून कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, शिरणाऱ्या ड्रायव्हरांचीही सही मागायला सुरुवात केली. काही लॅपटॉपांची वायफाय चिप आणि एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड वेगळ्या ड्रायव्हरवर चालतं, तो त्याच मशीनवर तयार होतो, म्हणून त्याला सही नसते. उपाय म्हणून मालकाची स्वतःची चावी नोंदवता येते, तिला मॉक म्हणतात. ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायचा. पुढच्या वेळी सुरू होताना निळा पडदा येतो आणि दहा सेकंदांत कुठलंही बटण दाबून चावी नोंदवायची. ते दहा सेकंद गेले की मशीन मुकाट पुढे जातं आणि वायफाय दिसत नाही. एका गणपतीत मी रिस्टार्ट देऊन आरतीला उठलो, परत येईपर्यंत पडदा येऊन गेलेला. कारण न कळल्याने मीही तेव्हा सिक्युअर बूट बंद केलं आणि घरच्यांना काहीच सांगितलं नाही. पुढे त्या डेस्कटॉपचा सेल संपला. काही मदरबोर्डांवर सेल गेला की बायोस मूळ स्थितीला येतो. सिक्युअर बूट आपोआप पुन्हा चालू झालं, वायफाय गेलं, आणि दोन महिने घरच्यांनी राउटर बिघडला असं धरून दुरुस्तीवाल्याकडे फेऱ्या मारल्या.

सिक्युअर बूट थांबवतं काय? प्रणालीच्या आधी घुसून बसणारा घातक प्रोग्रॅम. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंट या वितरणाची वेबसाइट फोडून लोकांना मागचं दार ठेवलेली, प्रणाली बसवायची आयएसओ फाइल दिली गेली. असा हल्ला ते अडवत नाही, कारण खोट बूटलोडरच्या पुढच्या भागात असते. तिथे उपयोगी पडते ती उतरवलेल्या फाइलची सही आणि चेकसम (फाइल बदललेली नाही ना, हे पडताळायचा आकडा) तपासण्याची सवय. जुलै २०१७ मध्ये देशात असंख्य घरगुती मोडेम एका मालवेअरने बंद पाडले, ते कारखान्यातला ‘अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन’ पासवर्ड तसाच राहिल्यामुळे. वाडीतल्या घराला धोका आहे तो इथून. आणि दुसरी प्रत न ठेवलेल्या फोटोंना: जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ, मे २०२१ चं तौक्ते, त्याच वर्षी जुलैत चिपळूणला घरांत शिरलेलं पाणी.

पण अलीकडे ‘बंद कर’ हा सल्ला स्वतःच धोकादायक झाला आहे. नव्या लॅपटॉपांवर विंडोज डिस्क आपणहून एन्क्रिप्ट करून, म्हणजे कुलूपबंद करून, ठेवतं. सिक्युअर बूट बंद केलं की ते ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती ज्या ऑनलाइन खात्यात असते ते खातं लॅपटॉप घेताना दुकानात कुणाच्या ईमेलवर उघडलं, हे घरात अनेकदा माहीत नसतं. की मिळाली नाही तर डेटा गेला. त्यावर कुठल्याच कारागिराकडे इलाज नाही. म्हणून बायोसला हात लावण्याआधी ती की कागदावर उतरवून घ्यायची.

सहीची किंमत ऑगस्ट २०२४ मध्ये दिसली. ग्रबमध्ये २०२० पासून सापडत गेलेल्या त्रुटींमुळे जुने बूटलोडर नाकारण्याची यादी विंडोजच्या एका अपडेटमधून मशीनमध्ये उतरली. विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलेल्या मशीनना ती लागणार नाही, असं जाहीर झालं होतं. काहींना लागली. लिनक्स सुरू करताच ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ असा संदेश आणि मशीन बंद. ७ सप्टेंबरला गणपती आले तेव्हा वर्षानुवर्षं वापरलेले पेनड्राइव्हही याच संदेशावर अडत होते. अशा मशीनवर सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून, लिनक्स अपडेट करून, पुन्हा चालू करायचं असतं. जुन्या सल्ल्यात शेवटची पायरी नव्हतीच.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि बरे चालणारे लॅपटॉप पुन्हा लिनक्ससाठी पुढे आले. त्यांतल्या बहुतेकांत सहीची तपासणी होते ती २०११ च्या प्रमाणपत्रावर, आणि त्याची मुदत जून २०२६ पर्यंतची. मुदत संपल्याने आज चालणारं लिनक्स बंद पडत नाही. फर्मवेअर सहसा तारीख बघत नाही. अडचण आहे २०२३ च्या नव्या चावीने सही झालेल्या पुढच्या शिमची. नवं प्रमाणपत्र विंडोज अपडेटमधून किंवा लिनक्समधल्या फर्मवेअर अपडेटच्या साधनातून मिळतं, पण काही जुन्या मशीनची फर्मवेअर ते घेत नाही आणि त्यांच्या कंपन्यांनी अपडेट देणं केव्हाच थांबवलं आहे. अशा लॅपटॉपवर फक्त नव्या चावीची सही असलेला पेनड्राइव्ह सुरू होणार नाही. तिथे सिक्युअर बूट बंद करण्याला आता खरं कारण आहे. मी ते बंद करतो तेव्हा तारीख, कारण आणि सेल कधी बदलला हे कागदावर लिहून लॅपटॉपच्या पाठीवर किंवा कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीने लावतो, म्हणजे शिमग्याला दुसरा कुणी आला तरी त्याला वाचता येतं.