सवय आणि व्यसन

सवय आणि व्यसन : वारंवार केल्याने अंगवळणी पडलेली कृती म्हणजे सवय. तीच कृती, नुकसान डोळ्यांसमोर दिसत असूनही आवरेनाशी झाली की व्यसन. किती वेळा आणि किती रुपयांचे, यावरून हा फरक ठरत नाही. कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी म्हशीचे धारोष्ण दूध प्यायला जाणारा माणूस आणि दिवसातून चारदा मिसरी लावणारी त्याच्याच घरातली बाई, या दोघांत दूध पिणाऱ्याचा नेम जास्त कडक असू शकतो. पण एखाद्या दिवशी म्हशी आल्या नाहीत तर तो चहा पिऊन घरी येतो. मिसरीची डबी सापडली नाही तर मात्र अख्खे घर डोक्यावर घेतले जाते.

मिसरीचे उदाहरण या भागात मुद्दाम पाहण्यासारखे आहे. कोल्हापूरच्या दक्षिणेला, सीमेपलीकडे निपाणी ही तंबाखूची जुनी बाजारपेठ आहे, त्यामुळे तंबाखू इथे परकी कधीच नव्हती. ती तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटाने दातांवर, हिरड्यांवर घासायची, ही मिसरी. पुरुषाचा चुना-तंबाखूचा बार दिसतो, त्यावरून बायको त्याला बोलते. तिची स्वतःची मिसरी मात्र दात घासण्यात मोडते. ‘मी कुठं तंबाखू खाते? नुसती मिसरी लावते,’ हे उत्तर तपासणीच्या वेळी मनापासून दिलेले असते. म्हणून मिसरीबद्दल वेगळे विचारावे लागते. हिरड्यांतून रक्तात उतरणारे निकोटीन खाल्लेल्या तंबाखूतले असते तेच. तोंडाचा कर्करोग, गरोदरपणी लावल्यास बाळाचे कमी वजन, हे धोकेही तेच. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करणारे आढळले. धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के आणि ओढणारे अवघे ३.८ टक्के. राज्याचा तंबाखूचा प्रश्न विडी-सिगारेटपेक्षा कितीतरी अधिक तोंडात धरण्याच्या तंबाखूचा आहे.

निकोटीनचे अवलंबित्व मोजताना जगभर विचारला जाणारा एक प्रश्न असा : झोपेतून उठल्यावर किती वेळात पहिले सेवन होते? अर्ध्या तासाच्या आत असेल तर पकड घट्ट समजतात. मिसरीच्या बाबतीत हा प्रश्न फसतो, कारण सकाळी तोंड धुताना ती लावली जातेच. इथे दुपारकडे पाहावे. जेवण झाल्यावर, भांगलण अर्धी टाकून बांधावर, रात्री अंथरुणाला पाठ लागण्याआधी डबी निघते का? थुंकायची सोय नाही म्हणून एसटीचा लांबचा प्रवास टाळला जातो का? लग्नघरी मोरीचा आडोसा शोधला जातो का? पाहुणेरावळे आणि कामधंदा डबीच्या वेळापत्रकावर बेतले जाऊ लागले, की ती दात घासण्याची गोष्ट उरत नाही. तोंडातला रस मुद्दाम गिळणे हीही धूरविरहित तंबाखूच्या प्रश्नावलीत नोंदवली जाणारी खूण आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत अवलंबित्वाची सहा लक्षणे दिली होती : अनावर तलफ, सुरुवात, प्रमाण आणि थांबणे यांवरचा ताबा सुटणे, बंद केल्यावर होणारा त्रास, तेवढ्याच परिणामासाठी वाढत जाणारी मात्रा, इतर आवडीनिवडी मागे पडणे, आणि अपाय कळूनही चालू ठेवणे. वर्षभरात यांतली तीन एकत्र दिसली की निदान होई. २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत ती तीन गटांत बसवली आहेत आणि त्यांपैकी दोन गटांतली लक्षणे पुरतात. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत निकष अकरा आहेत. दोन-तीन असतील तर सौम्य, चार-पाच मध्यम, सहा किंवा जास्त असतील तर तीव्र. म्हणजे व्यसन आहे की नाही याचे उत्तर वैद्यकातही हो-नाहीत येत नाही.

बंद केल्यावर त्रास होतो एवढ्यावरून व्यसनाचा शिक्का मारता येत नाही. चहाचे तसेच आहे. कोल्हापुरात उपवासाला चहा चालतो, म्हणून ते सहसा लक्षात येत नाही. पण निर्जळी उपवासात किंवा रोज्याच्या पहिल्या दिवसांत डोके ठणकते, त्याचे एक कारण कॅफिन थांबणे हे असते. शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत हा त्रास सुरू होतो आणि काही दिवसांत आपोआप जातो. शरीराला चटक लागलेली असते; संसार मोडलेला नसतो. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनाशामक घेणाऱ्यालाही हीच गोष्ट लागू पडते. तालमीत जोर-बैठका चुकल्या की पैलवान दिवसभर चिडचिडा असतो, त्याला कोणी व्यसनी म्हणत नाही, आणि ते बरोबर आहे.

उलट, शरीरात काहीच न घेता व्यसन जडू शकते. मटक्याचा आकडा लावणारा किंवा मोबाईलवर पैशांची रमी खेळणारा जिंकण्यासाठी कमी आणि गेलेले काढण्यासाठी जास्त खेळू लागतो, तिथे रेषा ओलांडली जाते. पुढे कर्ज, लपवाछपवी आणि घरातल्या दागिन्यांचा खोटा हिशेब. रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत जुगार आणि गेमिंग हे दोन्ही विकार नोंदवले आहेत. मोबाईलचे व्यसन असा स्वतंत्र विकार त्यात नाही. सतत फोन बघणाऱ्या प्रत्येक पोराला व्यसनी ठरवण्याची घाई घरोघरी होते, ती थोडी आवरावी.

दारूच्या बाबतीत इकडे एक घरगुती कसोटी फार चालते : ‘श्रावण पाळतोय की, मग व्यसन कसलं?’ ही कसोटी अपुरी आहे. महिनाभर थांबता येणे आणि पुन्हा सुरू केल्यावर ताबा राहणे या दोन वेगळ्या गोष्टी. गटारीला शेवटची म्हणून घेणारा भाद्रपद लागताच पूर्वीच्याच मात्रेवर, बहुधा दोनच घ्यायच्या ठरवून चार घेत परत येतो का, हे बघावे. माळ घालून कायमचे सोडणारेही गावोगाव आहेत. त्यांच्यामागे वारकऱ्यांची संगत असते, एकट्याची जिद्द नव्हे. १९८४ साली प्रसिद्ध झालेली चार प्रश्नांची एक चाचणी दवाखान्यात अजून वापरतात : कमी करावी असे वाटले का, लोकांनी टोकल्यावर राग आला का, अपराधी वाटले का, सकाळी उठल्याउठल्या घ्यावी लागली का. दोन उत्तरे ‘हो’ असली तर पुढची तपासणी करतात. अनुभवी माणूस चौथ्या प्रश्नावर थांबतो, कारण सकाळचा घोट बहुतेकदा मजेसाठी नसतो. हातांची थरथर थांबवण्यासाठी असतो.

अशा माणसाची दारू घरच्यांनी कोंडून अचानक बंद करणे जिवावर बेतू शकते. थांबवल्यापासून पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम, भास, ताप आणि घाम अशी गंभीर अवस्था येते. गावात याला ‘बाहेरचं लागलंय’ समजून देवऋषाकडे नेतात आणि मोलाचे तास जातात. दारू सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. कोल्हापुरात त्यासाठी सीपीआर हे शासकीय रुग्णालय आहे. तंबाखू आणि मिसरी मात्र घरी सोडता येते : चिडचिड, बेचैनी पहिले दोन-तीन दिवस सर्वाधिक असते आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरते. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ आणि इतर व्यसनांसाठी १४४४६ या सरकारी क्रमांकांवर मोफत सल्ला मिळतो.