सपाट म्हणजे डांबरी नव्हे

फ्रान्समधल्या कानाल द्यू मिदी कालव्याकाठी मोटारी नाहीत, वाट सपाट, म्हणून कुठलीही सायकल चालते, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. पहिल्या दोन गोष्टी बहुतांशी खऱ्या. तूलूजहून भूमध्य समुद्राकडे जाणारा हा 240 किलोमीटरचा कालवा 1681 मध्ये खुला झाला. काठची वाट मुळात बोटी ओढणाऱ्या घोड्यांची, त्यामुळे चढ असलाच तर बोटी वर-खाली नेणाऱ्या पाण्याच्या दरवाजांपाशी, तोही छोटा. सलग डांबर मात्र तूलूजपासून साधारण 50 किलोमीटरच. पुढे बराच भाग खडी-मातीचा. चिनारांची मनगटाएवढी मुळं वाटेत आडवी येतात, हँडल हातात थडथडतं आणि पावसानंतर चाकाला चिखल चिकटतो. अरुंद टायरची रेसिंग सायकल कृपा करून नेऊ नका. रुंद टायरच घ्या.