पॅक्ट, कूल्ड, ग्रेडिड

द्राक्षांचा हंगाम आला की पिंपळगाव-दिंडोरीकडच्या पॅकहाऊसमध्ये माल ग्रेड होतो, पॅक होतो, कूल होतो. ही तिन्ही इंग्रजी क्रियापदं भूतकाळात लिहिली की शेवटी तेच 'ई-डी' लागतं. उच्चार मात्र तीन: ग्रेडिड, पॅक्ट, कूल्ड. 'इंग्रजीला नियम नाही, पाठ करा' असं नाशिकच्या क्लासमध्ये सर्रास ऐकू येतं. निदान इथे तरी ते खरं नाही.

ट आणि ड म्हणताना जीभ एकाच जागी टेकते. फरक घशात आहे. स्वरतंतू थरथरले की ड, स्वस्थ राहिले की ट. व्याकरणातले घोष-अघोष ते हेच. ही थरथर पुरुषांत सेकंदाला साधारण १००-१२५ वेळा, बायकांत २००च्या आसपास. ट की ड, या निवाड्यात जिभेचा संबंधच नाही.

'पॅक'चा शेवटचा क् अघोष. तंतू थांबलेलेच असतात, पुढचा ड् त्यांच्या मागे जातो आणि ट् होतो. 'कूल'चा ल् घोष, म्हणून ड् टिकतो. स्वरही घोषच, म्हणून 'प्लेड'. 'ग्रेड'च्या शेवटी जीभ आधीच ड्‌वर टेकलेली असते. लगेच दुसरा ड् आला तर वेगळा ऐकूच येणार नाही, म्हणून मध्ये छोटा इ शिरतो. ट्‌नंतरही तसंच: 'वॉन्टिड'. आपल्या संधीत गंगा उलटी वाहते. दिक् + गज = दिग्गज; तिथे पुढचा ग् मागच्या क्‌ला घोष करतो. इंग्रजीत मागचा पुढच्याला वाकवतो.

भाषाशास्त्रज्ञ जीन बर्को यांनी १९५८ मध्ये लहान मुलांना 'रिक', 'मॉट' अशी बनावट क्रियापदं देऊन भूतकाळ विचारला. न ऐकलेल्या शब्दाचाही 'रिक्ट' मुलांनी बिनबोभाट केला. 'मॉट'ला मात्र बरीच अडली. तरी न ऐकलेल्या शब्दालाही नियम लागला, म्हणजे हे पाठांतर नव्हे.

तपासायचं तर गळ्यावर दोन बोटं ठेवून लांब 'स्स्स' म्हणा, मग 'झ्झ्झ'. क-ग घेऊन बघाल तर फसाल, कारण आपल्या 'क'मध्ये अ असतो आणि अ घोष आहे. गळा दोन्हींना थरथरणार. स्पेलिंगकडेही बघू नका. 'लाफ'च्या शेवटी जी-एच लिहितात, पण ध्वनी फ्, म्हणून 'लाफ्ट'. 'नेकिड', 'विकिड' ही विशेषणं नियमाबाहेरची, ती सरळ लक्षात ठेवावीत.

आपल्याकडे सगळ्यात जास्त हाल 'आस्क'चे होतात: 'आस्केड'. स्-क्-ट् असे तीन अघोष सलग आले की आपण मध्ये स्वर घुसवतो. पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल तर ट् त्याला जोडून द्या: 'आस्क्ट इट'चं 'आस्क्-टिट', 'पॅक्ट इट'चं 'पॅक्-टिट'. 'आस्क्ट मी'सारख्या ठिकाणी घाईच्या बोलण्यात खुद्द इंग्रजही क् गिळून 'आस्ट मी' म्हणतात.