मरून (इंग्रजी क्रियापद)

एखाद्याला सुटकेची वाट नसलेल्या जागी, विशेषतः निर्जन बेटावर, सोडून निघून जाणे, या अर्थाचे इंग्रजी क्रियापद. पुरात किंवा बर्फात अडकून पडलेल्यांबद्दलही ते सर्रास वापरले जाते. मरून रंगाचे नाव वेगळ्या वाटेने आले. ते चेस्टनट या फळाच्या फ्रेंच नावावरून पडले.

क्रियापदाचे मूळ स्पॅनिश ‘सिमारोन’ या शब्दात आहे. कॅरिबियनमधील हिस्पॅनिओला बेटावर स्पॅनिश वसाहतवाल्यांची जी गुरे रानात पळून रानटी होत, त्यांना आधी हे नाव होते. पुढे पळून गेलेले मूळ रहिवासी आणि आफ्रिकी गुलाम यांनाही मालकांनी तेच नाव लावले. म्हणजे आज टाकून दिलेल्यांसाठी वापरला जाणारा हा शब्द मुळात स्वतःहून निसटलेल्यांचा आहे. जमैकातील अशा पळालेल्या, ‘मरून’ म्हटल्या जाणाऱ्या लोकांनी डोंगरात वस्त्या केल्या आणि १७३९ मध्ये इंग्रजांना आपल्याशी तह करायला लावला.

बेटावर सोडण्याचा अर्थ रूढ झाला तो समुद्री चाच्यांमुळे. जॉन फिलिप्सच्या टोळीत पळू पाहणाऱ्याला किंवा टोळीपासून गुपित राखणाऱ्याला हीच शिक्षा होती. सोबत काय द्यायचे तेही ठरलेले होते: एक बाटली बंदुकीची दारू, एक बाटली पाणी, एक बंदूक आणि गोळ्या. या संदर्भात अलेक्झांडर सेल्कर्क या स्कॉटिश खलाशाचे नाव हमखास निघते, पण १७०४ मध्ये तो कप्तानाशी भांडून स्वतःच चिलीजवळच्या बेटावर उतरला होता.

खरे भीषण उदाहरण हिंदी महासागरातील त्रोमलँ बेटाचे आहे. १७६१ मध्ये ‘युतिल’ हे फ्रेंच जहाज तिथे फुटले. गुलाम आणण्यावरची बंदी मोडून त्यातून मादागास्करहून गुलाम नेले जात होते. त्यांतले कित्येक बुडाले. वाचलेल्यांनी फुटक्या जहाजाच्या लाकडांतून होडी बांधली. तिच्यातून गोरे खलाशी निघून गेले आणि परत येण्याच्या वचनावर सुमारे ६० मालागासी (मादागास्करचे लोक) मागे राहिले. जहाज पाठवायला मॉरिशसच्या फ्रेंच गव्हर्नरने नकार दिला. जेमतेम एक चौरस किलोमीटरच्या, झाडे नसलेल्या त्या वाळूवर त्यांनी प्रवाळाच्या दगडांची घरे बांधली, कासवे आणि पक्षी खाऊन दिवस काढले, तांब्याची भांडी पुनःपुन्हा ठिगळे लावून वापरली. उत्खननात ती सापडली आहेत. १७७६ मध्ये जहाज आले तेव्हा सात स्त्रिया आणि आठ महिन्यांचे एक मूल एवढेच उरले होते. मॉरिशसमधील तेव्हाच्या फ्रेंच प्रशासनाने त्यांना गुलाम न मानता मुक्त जाहीर केले.