अकरा मतं, मग दहा

२ डिसेंबर २०१० रोजी झुरिचमध्ये फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या कार्यकारिणीतल्या २२ माणसांनी २०२२च्या फुटबॉल विश्वचषकाचा यजमान निवडला. पहिल्या फेरीत कतारला ११ मतं पडली, दक्षिण कोरियाला ४, अमेरिका आणि जपानला प्रत्येकी ३, ऑस्ट्रेलियाला १. जिंकायला १२ हवी होती. कतारचं घोडं एका मतावर अडलं. तळाचं ऑस्ट्रेलिया बाद झालं, पुन्हा मतदान झालं आणि कतारची मतं झाली १०.

स्पर्धक कमी झाला तर उरलेल्यांची मतं वाढतील, निदान तेवढीच राहतील, असं आपण धरून चालतो. इथे कतारचं एक मत गळालं, जपानचंही एक. मतदान गुप्त असल्यामुळे कोण कुठे सरकलं ते कळत नाही, पण एकेकाला बाद करत जाणाऱ्या पद्धतीत हे नवलाचं नाही. पहिल्या फेरीचं मत दिलेला शब्द राखण्यासाठी खर्चता येतं, खरा हिशोब दुसऱ्या फेरीपासून सुरू होतो. त्याच दिवशी २०१८च्या मतदानात इंग्लंड बाद होताच बेल्जियम-नेदरलँड्सची जोडी ४ मतांवरून २ वर घसरली आणि रशिया ९ वरून १३ वर गेला.

चौथ्या फेरीत कतारला १४ आणि अमेरिकेला ८ मतं मिळाली. पाच दावेदारांच्या दहा जोड्या होतात, त्यांतली ही एकच समोरासमोर तोलली गेली. कतार विरुद्ध जपान असा सरळ सामना झाला असता तर? फ्रेंच गणिती कोंदोर्से यांनी १७८५मध्येच दाखवून दिलं होतं की बहुमत गोल गोल फिरू शकतं. बहुसंख्यांना ‘ब’पेक्षा ‘अ’ बरा, ‘क’पेक्षा ‘ब’ बरा आणि तरीही ‘अ’पेक्षा ‘क’ बरा वाटू शकतो. अशा वेळी विजेता कोण, हे मोजायची रीत ठरवते.

त्या निकालाची चर्चा लाचलुचपतीभोवती फिरली आणि ती फिरायलाच हवी होती. पण खोलीत माणसं किती होती, हेही पाहायला हवं. १२ जण वळवले की विश्वचषक हाती, ही रचनाच आमिषाला आमंत्रण देणारी होती. पुढे यजमान निवडण्याचं काम कार्यकारिणीकडून फिफाच्या सगळ्या सदस्य संघटनांच्या महासभेकडे गेलं. २०२६चा विश्वचषक अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोला मिळाला तो २०१८च्या मॉस्कोच्या सभेत, मोरोक्कोविरुद्ध १३४–६५ असा.

महासभेत २११ सदस्य आहेत आणि प्रत्येकाला एक मत. भारताचं एक, पाचेक हजार वस्तीच्या माँटसेराट बेटाचंही एकच. युरोपची ५५, आफ्रिकेची ५४, आशियाची ४६, उत्तर-मध्य अमेरिका आणि कॅरिबियनची ३५, ओशनियाची ११. दक्षिण अमेरिकेची फक्त १०. पुरुषांचे १० विश्वचषक जिंकणाऱ्या खंडाला चषकामागे एक मत! कोणत्याही एका खंडाला १०६चं बहुमत एकट्याने गाठता येत नाही. म्हणून गठ्ठे जुळवावे लागतात आणि छोट्या बेटांचा भाव वधारतो.

मतांपेक्षाही मोठी ताकद मात्र वेगळीच: मतदानाला काय ठेवायचं हे ठरवणं. ऑक्टोबर २०२३मध्ये फिफाच्या ३७ जणांच्या परिषदेने २०३०साठी मोरोक्को, स्पेन आणि पोर्तुगाल यांची एकच दावेदारी पुढे ठेवली आणि विश्वचषकाच्या शताब्दीचे तीन सामने उरुग्वे, अर्जेंटिना, पॅराग्वे यांना दिले. एका फटक्यात तीन खंड वापरून झाले. आधीच्या दोन स्पर्धांच्या यजमान खंडांना पुढच्या वेळी संधी नसते आणि २०२६ची स्पर्धा उत्तर अमेरिकेकडे होती, त्यामुळे २०३४साठी उरले आशिया आणि ओशनिया. इरादा कळवायची मुदत होती ३१ ऑक्टोबर, महिनाभरही नाही. ऑस्ट्रेलियाने त्याच दिवशी माघार घेतली आणि सौदी अरेबिया एकटा उरला. ११ डिसेंबर २०२४ला दोन्ही स्पर्धांचा निर्णय व्हिडिओसभेत टाळ्या वाजवून मंजूर झाला. आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेत ‘सर्वानुमते’ म्हणून ठराव उरकतात, त्याचीच आठवण झाली. फरक इतकाच, की सोसायटीत एखादे काका तरी उठून हिशोब मागतात.

खेळाच्या नियमांचा मामला निराळा. ऑफसाइड, हँडबॉल, व्हीएआर (व्हिडिओ पाहून पंचांचा निर्णय तपासणं) या गोष्टी फिफा एकटी ठरवू शकत नाही. ते काम १८८६मध्ये ब्रिटनमध्ये स्थापन झालेल्या आयएफएबी या मंडळाचं. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांचं प्रत्येकी एक मत, फिफाची चार. बदलाला आठपैकी सहा मतं लागतात. फिफाकडे निम्मी मतं आहेत, पण ताकद निम्मी आहे का? पाचही जणांना मनाला येईल त्या क्रमाने रांगेत उभं करा आणि एकेकाची मतं मिळवत जा. ज्याच्या येण्याने बेरीज सहावर पोचते, निर्णय त्याच्या हातात. फिफा पहिली किंवा दुसरी आली तर ती निर्णायक नसते. तिसरी, चौथी किंवा पाचवी आली तर नक्की असते. पाचपैकी तीन जागा, म्हणजे ६० टक्के. उरलेल्या चौघांच्या वाट्याला दहा-दहा टक्के. सत्ता मोजण्याची ही रीत शॅप्ली आणि शुबिक या अमेरिकी अभ्यासकांनी १९५४मध्ये मांडली. तरीही तीन ब्रिटिश संघटनांनी नकार दिला तर फिफाचं काही चालत नाही.

आणि काही निर्णयांना ना महासभा लागते, ना रांग. फिफाचे अध्यक्ष आणि सहा खंडांच्या संघटनांचे अध्यक्ष, अशा सात जणांचा ब्युरो तातडीचे विषय हाताळतो. ऑगस्ट २०२२मध्ये त्याने भारतीय फुटबॉल महासंघाला बाहेरच्या हस्तक्षेपाचं कारण देऊन एकमताने निलंबित केलं. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेली प्रशासक समिती महासंघाचा कारभार पाहत होती, हा त्यामागचा मुद्दा. भारतात होणारा मुलींचा १७ वर्षांखालील विश्वचषक दोन महिन्यांवर आला होता. भुवनेश्वरसह मडगाव आणि नवी मुंबईची मैदानं ठरलेली होती. ताश्कंदला पोचलेल्या गोकुळम केरळ क्लबच्या मुलींना आशियाई क्लब स्पर्धेत एकही सामना न खेळता परतावं लागलं. न्यायालयाने समिती बरखास्त केली, ब्युरोने बंदी उठवली. मधे गेले ११ दिवस. ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत स्पेनने कोलंबियाला १–० हरवून चषक उचलला.