काचघरातला काळोख

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या डेल्टा शहरात जूनमध्ये सूर्य मावळायला रात्रीचे सव्वानऊ वाजतात. संध्याकाळी सहाला ऊन अजून लख्ख असतं, आणि नेमक्या अशा वेळी गांजाच्या काचघरात मोटारी घरघरू लागतात. छताखाली ताणलेल्या तारांवरून जाड पडदा सरकत येतो. वरून पांढरा, आतून काळा. बाजूच्या भिंतींवरही पडदे उतरतात. थोड्या वेळात बाहेर ऊन आणि आत मध्यरात्र. त्यानंतर कुणाला आत जायचंच झालं, तर डोक्याला मंद हिरवा दिवा बांधून.

यातली गंमत अशी, की यातली कितीतरी काचघरं मुळात टोमॅटो आणि ढोबळी मिरचीसाठी उभारलेली. काचघर बांधणाऱ्यांनी कित्येक पिढ्या एकच ध्यास घेतला: प्रकाश आत आणायचा. काच जास्तीत जास्त पारदर्शक हवी, छत उंच हवं, सावली पाडणाऱ्या पट्ट्या बारीक हव्यात. ‘एक टक्का प्रकाश वाढला की एक टक्का उत्पन्न वाढतं’ हा त्या धंद्यातला ठोकताळा. आणि आता त्याच काचेखाली लाखो डॉलर खर्चून रोज बारा तास अंधार करायचा.

१७ ऑक्टोबर २०१८ रोजी कॅनडात गांजा कायदेशीर झाला. तयारी आधीच सुरू होती. एरी सरोवराकाठच्या लेमिंग्टनची ओळख ‘टोमॅटोची राजधानी’ अशी. तिथला हाइन्झचा शंभर वर्षांहून जुना केचपचा कारखाना २०१४ मध्ये हाइन्झने सोडला, आणि त्याच सुमारास काचघरवाल्या घराण्यांतून आलेल्या दोघांनी उभी केलेली अफ्रिया कंपनी तिथे औषधी गांजा पिकवू लागली. डेल्टात व्हिलेज फार्म्स या टोमॅटोवाल्या कंपनीने २०१७ मध्ये ११ लाख चौरस फुटांचं एक अख्खं काचघर भागीदारीत गांजासाठी दिलं. हिशोब वरवर सोपा होता. टोमॅटोत किलोमागे सुटणारा पैसा बेताचा. गांजा ग्रॅमवर विकला जातो. काच आहे, बॉयलर आहे, ठिबक आहे, माणसं आहेत. फक्त रोप बदलायचं.

पण रोपाचं घड्याळ वेगळं होतं. टोमॅटोला दिवस किती तासांचा आहे याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. वेल वाढत जातो, बगलफूट काढत राहायची, खालून तोडे घेत राहायचे; एकच वेल दहा मीटरच्या वर जातो. गांजा मात्र रात्र मोजतो. रात्र लहान असेल तोवर तो पानंच काढत बसतो. बारा तासांची सलग रात्र मिळू लागली की आठवडा-दोन आठवड्यांत फुलोऱ्यावर येतो, आणि विकायचा असतो तो फुलोराच.

रात्र मोजण्याची ही गोष्ट सर्वप्रथम ज्याच्या ध्यानात आली, तो झ्यूलियें तूर्न्वा हा तरुण फ्रेंच शास्त्रज्ञ काचघरातच काम करत होता, आणि त्याच्यासमोर होती हॉप (बिअरमध्ये घालतात तो वेल) आणि भांगेचीच रोपं. थंडीत पेरलेली ही रोपं वीतभर झाली नाहीत तोच फुलत होती. कारण दिवस लहान आहे हे नसून रात्र मोठी आहे हे असावं, असं त्याने १९१४ मध्ये लिहिलं. पुढे पहिल्या महायुद्धात तो मारला गेला, आणि शोधाचं श्रेय बहुतेक पुस्तकांत १९२० साली तंबाखू आणि सोयाबीनवर काम करणाऱ्या गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकनांना मिळतं. मला ही नोंद वाचताना नेहमी हळहळ वाटते.

पानातलं हे घड्याळ चालवण्यात मोठा वाटा फायटोक्रोम नावाच्या प्रथिनाचा. त्याची दोन रूपं असतात. लाल प्रकाश पडला की ते सक्रिय रूपात जातं. अंधारात हळूहळू मूळ रूपावर येतं. रात्र पुरेशी लांब असेल तर सक्रिय रूप इतकं घटतं, की झाडाला फुलण्याची खूण मिळते. मध्येच कुणी साधा दिवा लावला की मोजणी बिघडते. म्हणून पडद्याला भोक चालत नाही, फट चालत नाही. झाडावर फार ताण आला तर मादी झाडं नर फुलंही काढतात, आणि ते तर मोठंच संकट.

कारण टीएचसी, म्हणजे गांजातलं नशा आणणारं रसायन, तयार होतं ते फुलोऱ्यावरच्या सूक्ष्म, चिकट ग्रंथींमध्ये, आणि त्या सर्वांत दाट असतात मादी फुलोऱ्यावर. पराग मिळाला की झाड बी धरतं. मग फुलोऱ्याची वाढ मंदावते आणि बियांनी भरलेल्या मालाला कुणी विचारत नाही. टोमॅटोच्या काचघरात परागीभवनासाठी भुंगमाश्यांच्या पेट्या विकत आणून ठेवतात. गांजासाठी पहिलं काम म्हणजे त्या पेट्या बाहेर काढणं. नर झाड घुसू नये म्हणून रोपंही बियांपासून न करता निवडक मादी मातृरोपांच्या छाटकलमांपासून करतात. त्यात वेगळाच धोका. कात्रीवाटे हॉप लेटंट व्हायरॉइड हा विषाणूहूनही साधा रोगकारक एका कलमावरून दुसऱ्यावर जातो. जेमतेम २५६ अक्षरांचा आरएनएचा वेटोळा, एकही प्रथिन बनवण्याची ऐपत नसलेला. पण लागण झालेलं झाड खुरटतं आणि त्यातला टीएचसीही घटतो.

परत पडद्याकडे येऊ, कारण खरी डोकेदुखी तिथेच आहे. दिवसभर झाडांनी पानांवाटे हवेत सोडलेली वाफ एरवी छताच्या खिडक्यांतून निघून जाते. पडदा ओढला की ती खालीच कोंडते. तापमान उतरतं, थंड हवेत वाफ कमी मावते, आणि सापेक्ष आर्द्रता झपाट्याने चढते. टोमॅटोला ७०-८० टक्के आर्द्रता फारशी खुपत नाही. गांजाचा पक्व होत आलेला फुलोरा मात्र मुठीसारखा घट्ट आवळलेला. त्याच्या पोटात ओल अडकली की राखाडी बुरशी आतून सुरू होते. बाहेरून फुलोरा ठणठणीत दिसतो, आणि बोटांनी फाकवून पाहावं तर मधला दांडा तपकिरी, मऊ पडलेला. पानांवर भुरी येते ती वेगळी. त्यामुळे शेवटच्या आठवड्यांत आर्द्रता पन्नाशीच्या आसपास ठेवायची, तर मोठमोठी ओल शोषणारी यंत्रं, पंखे, आणि भर उन्हाळ्यातही हवा तापवणाऱ्या गरम पाण्याच्या नळ्या चालू.

भाजीवाल्यांचं ज्ञान अगदीच वाया गेलं असं नाही. लाल कोळी आणि फुलकिड्यांवर मित्रकीटक सोडण्याची कला त्यांना अवगत होती, आणि ती इथे कामी आली. फवारणीला इथे वाव फारच कमी. मायक्लोब्युटॅनिल हे द्राक्षांवरच्या भुरीसाठी वापरलं जाणारं बुरशीनाशक. गांजा ओढताना ते जळून हायड्रोजन सायनाइड तयार होऊ शकतं. २०१६-१७ मध्ये काही परवानाधारक उत्पादकांच्या मालात ते सापडलं आणि माल परत मागवावा लागला. २ जानेवारी २०१९ पासून हेल्थ कॅनडा या तिथल्या आरोग्य खात्याने ९६ कीडनाशक घटकांची तपासणी सक्तीची केली.

प्रकाशाच्या बाबतीत काचघराची बाजू भक्कम आहे. कॅनडातल्या गेल्फ विद्यापीठाच्या २०२१ मधल्या प्रयोगात दिव्यांखालच्या गांजाचं उत्पन्न प्रकाशासोबत सरळ रेषेत वाढत गेलं, जवळजवळ उन्हाळ्यातल्या भर दुपारच्या प्रखरतेपर्यंत. टीएचसीचं प्रमाण मात्र तसं वाढलं नाही. एवढा प्रकाश बंद गोदामात विजेवर निर्माण करायचा म्हणजे काय, हे कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाच्या त्याच वर्षीच्या हिशोबात दिसतं: अमेरिकेत बंदिस्त जागेत पिकवलेल्या किलोभर वाळल्या फुलोऱ्यामागे, जागेनुसार, २,२८३ ते ५,१८४ किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन. काचघराला सूर्य फुकट मिळतो.

वास मात्र फुकट जात नाही. गोदामाची हवा कोळशाच्या गाळणीतून सोडता येते. काचघराचं छतच उघडतं, तिथे गाळणी बसवणार कुठे? डेल्टातल्या शेजाऱ्यांनी त्यावरून पुष्कळ आरडाओरडा केला. त्या उग्र दर्पामागे गंधकयुक्त संयुगं आहेत, हे २०२१ मध्ये दाखवून देण्यात आलं; नाकाला ती अत्यल्प प्रमाणातही कळतात.

मग भाव कोसळले. सगळ्यांनी एकदमच लावलं होतं, दुकानं सावकाश उघडत होती, आणि वाळल्या मालावर कर होता ग्रॅममागे १ डॉलर किंवा किमतीच्या १० टक्के, यांतला जो जास्त असेल तो. भाव उतरला तरी तो एक डॉलर जागचा हलत नाही. मार्च २०२० मध्ये कॅनपी ग्रोथ कंपनीने डेल्टा आणि शेजारच्या अ‍ॅल्डरग्रोव्हमधली मिळून ३० लाख चौरस फुटांची काचघरं बंद केली. सुमारे ५०० जणांची नोकरी गेली. मागणी अपेक्षेपेक्षा सावकाश वाढली, हे एक कारण त्यांनी दिलं. दुसरं असं, की काचघरांत पैसा ओतून झाल्यावर सरकारने उघड्या शेतात गांजा लावायला परवानगी दिली. शेतातल्या मालाला फुलोरा म्हणून भाव कमी येतो आणि पीक वर्षातून एकदाच. पण तेल आणि अर्क काढायला तो चालून जातो. आणि तिथे पडदा लागत नाही. ऑगस्ट सरू लागला की रात्री आपल्याआपण लांबत जातात.